वाइनसाठी यूव्ही-सी कॉइल : कोल्हापुरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

गोकुळ शिरगावच्या परवानाधारक शेडमध्ये दोन वाइन हातात आहेत. पहिली शेनिन ब्लाँ (पांढरी), द्राक्षे पलूसकडची. टाकीत ३४० लिटर आणि एका ड्रममध्ये गाळावरच ठेवलेली ६० लिटर. पीएच ३.४०, अल्कोहोल १२ टक्के, शिल्लक साखर १८ ग्रॅम प्रति लिटर. दुसरी शिराज (तांबडी), कोरडी म्हणजे साखर न उरलेली, २०० लिटर, पीएच ३.६५.

खरी अडचण शेनिनची आहे. साखर शिल्लक असलेल्या बाटलीत जिवंत यीस्ट गेले की एप्रिलच्या उन्हाळ्यात आंबवण पुन्हा सुरू होते. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली तरी बाटलीत साधारण १ बार दाब तयार होतो. बूच सरकायला याहून फार काही लागत नाही, आणि सगळी साखर आंबली तर बाटलीही तडकू शकते.

नेहमीचा बंदोबस्त केएमएसचा, म्हणजे वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचा. त्यातही काम करतो तो रेणूरूपातला सल्फर डायऑक्साइड, आणि त्याचे प्रमाण पीएचवर ठरते. मोकळा सल्फर डायऑक्साइड भागिले (१ + १० चा (पीएच उणे १.८१) घात), असे गणित. रेणूरूपात ०.८ मिग्रॅ हवे असेल तर पीएच ३.४० ला मोकळा ३२ मिग्रॅ प्रति लिटर पुरतो, ३.६५ ला ५६ लागतो. इतका सल्फर नाकाला जाणवतो. यूव्ही-सी, म्हणजे जंतुनाशक अतिनील प्रकाशाने, जिवंत पेशींची संख्या आधीच खाली आणली तर सल्फरवरचा भार हलका होतो. प्रकल्पाचा हेतू एवढाच आहे. सल्फर पूर्ण बंद करणे हा हेतू नाही, कारण तो ऑक्सिडेशनही रोखतो आणि ते काम प्रकाश करत नाही.

तत्त्व थोडक्यात लिहून ठेवतो. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्याचा जंतुनाशक प्रकाश मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा असतो. पेशीतला डीएनए तो शोषतो, त्यातले शेजारशेजारचे थायमिन हे घटक एकमेकांना जोडले जातात आणि पेशी विभागू शकत नाही. पेशी वाइनमध्येच राहते, गाळली जात नाही. वाइनमध्ये मागे काही उरतही नाही, म्हणजे पुढचे संरक्षणही नाही. यूव्हीनंतर नळीतून किंवा भरणीच्या नोझलमधून एक यीस्ट आत आले तर ते बिनधास्त वाढेल.

८ जानेवारी

सगळ्यात आधी सोपा उपाय तपासला. घरगुती पाणी शुद्धीकरणातली ११ वॅटची स्टीलची यूव्ही नळी, आतल्या क्वार्ट्झ नळीभोवती साधारण १७ मिमी रुंदीची जागा. शेनिनमध्ये मिलिलिटरला २० लाख यीस्ट मिसळून संथ वेगाने सोडली. दुसऱ्या टोकाला १० लाख. एक लॉग म्हणजे दहातली एक पेशी उरणे. इथे ०.३ लॉग मिळाला. वाइनसाठी ही नळी निरुपयोगी आहे.

कारण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दिसले. २५४ नॅनोमीटरचे शोषण, पुढे याला ए-२५४ म्हणू, १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या चौकोनी नळीत) मोजले. क्युव्हेट क्वार्ट्झचीच हवी. साध्या काचेतून आणि प्लास्टिकमधून हा प्रकाश पार जात नाही. वाइन पातळ करायला साधे पाणी न वापरता १२ टक्के अल्कोहोल आणि टार्टारिक आम्लाचे पीएच ३.४ चे द्रावण वापरले.

शेनिन १० पट पातळ करून ०.६१, म्हणजे ए-२५४ = ६.१.
शिराज ५० पट पातळ करून ०.७६, म्हणजे ३८.
गेल्या हंगामातली जांभूळ वाइन ५० पट पातळ करून ०.९२, म्हणजे ४६.

१ ला ए-२५४ ने भागले की किती सेंटिमीटरमध्ये ९० टक्के प्रकाश संपतो ते कळते. शेनिनमध्ये १.६ मिमी, शिराजमध्ये पाव मिमीच्या आसपास. पिण्याच्या चांगल्या पाण्यात हेच अंतर ४० सेंमीच्या पुढे जाते. म्हणून पाण्याला १७ मिमीची जागा चालते. वाइनचा मात्र दिव्यालगतचा एक पातळ थर उजळतो आणि बाकीची अंधारातून निघून जाते. दिवा मोठा केल्याने हे बदलत नाही. थर पातळ करायचा किंवा वाइन सतत घुसळत उजेडाच्या बाजूला आणायची, एवढे दोनच मार्ग आहेत.

१३ जानेवारी

दुसरा मार्ग निवडला. एफईपी या फ्लोरोपॉलिमरच्या नळीची कॉइल, आत दिवे. एफईपीमधून २५४ चा प्रकाश बऱ्यापैकी पार होतो, आम्ल, अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा तिला चालतो, आणि दिवा फुटला तरी पारा वाइनपर्यंत पोचत नाही. नळी घेताना खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याचा कागद मागून घ्यावा. दिसायला सारखी असली तरी पीयूची (पॉलियुरेथेनची) नळी इथे अजिबात चालत नाही. ती प्रकाश अडवते आणि काही दिवसांत पिवळी पडून तडकते.

नळी आत ६ मिमी, बाहेर ८ मिमी. वाइनची गतिज स्निग्धता १.६ × १०⁻⁶ चौ. मीटर प्रति सेकंद धरली तर मिनिटाला १ लिटरला रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह संथ की खळबळता हे दाखवणारा) २,२०० येतो, २ लिटरला ४,४००. फळांच्या रसासाठी अमेरिकेच्या एफडीएचा (अन्न व औषध नियामक संस्थेचा) जो नियम आहे त्यात नळीतला प्रवाह खळबळता आणि रेनॉल्ड्स किमान २,२०० असावा असे म्हटले आहे. तो आकडा जसाच्या तसा कॉइलला लावू नये. वळणामुळे प्रवाह उशिरा खळबळतो. सरळ नळीत २,१०० ला जे घडते ते १५० मिमी व्यासाच्या आमच्या कॉइलमध्ये ७,००० च्या पुढे घडेल. तरीही कॉइल कामाची ठरते, कारण वळणावर मधला द्रव बाहेरच्या भिंतीकडे फेकला जातो आणि कडेकडेने आतल्या भिंतीकडे परत येतो. हे डीनचे भोवरे. उजेड आतल्या बाजूने येतो, आणि हे भोवरे तिथे सारखा नवा द्रव आणून देतात. प्रवाह संथ केला की भोवरे मंदावतात. त्यामुळे 'हळू सोडा, जास्त वेळ उजेड मिळेल' हा सहज सुचणारा विचार इथे अर्धाच खरा आहे.

१९ जानेवारी

पहिली गुंडाळणी फसली. प्रत्येक दिव्याभोवती वेगळी कॉइल करायची होती, मध्यव्यास ४६ मिमी. ८ मिमीची एफईपी इतक्या लहान वळणाला चपटी होते आणि पाचसहा वेढ्यांत घडी पडते. घडीची जागा पुढे पांढरी पडते आणि तिथेच चीर जाते. गरम पाण्यात नळी मऊ करूनही सुधारणा झाली नाही.

आता चारही दिवे एकत्र मध्ये ठेवून बाहेर एकच मोठी कॉइल केली. शिवाजी उद्यमनगरातून स्टीलच्या आठ उभ्या सळ्यांचा गोल पिंजरा टिग वेल्डिंगने करून घेतला आणि त्यावर १५० मिमी मध्यव्यासाची गुंडाळणी केली. सळ्यांची टोके आणि वेल्डचे खडे घासून गुळगुळीत करायला मिस्त्रींना आधीच सांगावे, एका खड्याने नळीला चार मीटरवर ओरखडा पडला. एका वेढ्याला ४७ सेंमी, ८०० मिमी उंचीत १०० वेढे, एकूण ४७ मीटर नळी. आत १.३ लिटर वाइन मावते. मिनिटाला २ लिटरने ती ४० सेकंद उजेडात असते.

दिवे ३० वॅटचे टी-८ जंतुनाशक, चार. प्रत्येकी साधारण ११ वॅट यूव्ही-सी. काच ओझोन न होणारी घ्यावी, नाहीतर १८५ नॅनोमीटरचा प्रकाशही बाहेर येतो आणि शेडमध्ये ओझोनचा वास भरतो.

कॉइलच्या बाहेरून चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावला आहे, पण त्यावर जास्त खर्च करू नये. ६ मिमी शेनिनमधून आरपार काही जात नाही. वेढ्यांच्या फटींतून निसटलेला प्रकाश तेवढा परततो. स्टीलचा पत्रा मात्र लावू नये. डोळ्याला चकाकतो, पण २५४ चा बराचसा प्रकाश गिळतो.

२४ जानेवारी

जोडांनी दोन दिवस खाल्ले. पुश-फिट जोडातून एफईपी दाबाखाली सरकून निघते. ती निसरडी आणि मऊ असते. फेरूलचा (नळीला आवळून धरणाऱ्या कड्याचा) कॉम्प्रेशन जोड आणि नळीच्या तोंडात स्टीलची आधार-नळी, असे केल्यावर ४ बारला पाण्याने तपासून रात्रभर ठेवले, गळती नाही. आधार-नळी नसली तर मऊ नळी फेरूलखाली हळूहळू दबत जाते आणि आठवड्याने ठिबकायला लागते. वाइनला लागणारे सगळे धातूचे भाग ३१६ एल स्टेनलेस स्टीलचे.

पाण्याच्या चाचणीसाठी शेतातल्या बॅटरी फवारणी यंत्राचा १२ व्होल्टचा डायफ्राम पंप लावला होता. दाब भरपूर, पण प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो आणि पंपाचे आतले रबर खाद्यपदार्थांसाठी नसते. वाइनला लहान स्क्रू पंप लावला. मिनिटाला २ लिटरला कॉइलच्या तोंडाशी २.७ बार दिसतात, गणितातही तेवढेच आले होते. गेज एरवीपेक्षा वर गेला तर कुठेतरी घडी पडली आहे असे समजावे. प्रवाह मात्र बादली आणि स्टॉपवॉचने मोजतो. रोटामीटर या प्रवाहमापकावरचे आकडे पाण्यासाठी असतात.

२९ जानेवारी

पेटी बंद, दाराला मायक्रोस्विच. दार उघडले की दिवे विझतात. २५४ नॅनोमीटरला आठ तासांची मर्यादा चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल आहे; अशा उघड्या दिव्याजवळ ती काही सेकंदांत ओलांडली जाते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी सुरू होते, त्यामुळे तेव्हा काहीच जाणवत नाही. बघायचेच असेल तर पॉलिकार्बोनेटचा पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा, हातमोजे, पूर्ण बाह्या. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावली.

तिची गरज लगेच पडली. ८ अंशांची थंड वाइन सोडल्यावर कॉइल बाहेरून घामेजली आणि थेंब दिव्यांच्या होल्डरवर पडले. आरसीसीबी पडली, बाकी काही बिघडले नाही. आता वाइन १६ ते १८ अंशांवर आणूनच सोडायची. दिव्यांनाही ते बरे, कारण नळीची भिंत ४० अंशांच्या आसपास असताना हे दिवे सर्वांत जास्त प्रकाश देतात. फार गार किंवा फार गरम झाले तर प्रकाश घटतो. पेटीत एक छोटा पंखा बसवला, वाइन वाहत नसताना पेटी फार तापते म्हणून. वाइन स्वतः जेमतेम १ अंशाने तापते; १२० वॅट तासाला १२० लिटरमध्ये वाटले जातात.

३ फेब्रुवारी

वाइनपर्यंत खरोखर किती प्रकाश पोचतो हे दिव्यावरच्या छापील आकड्यावरून कळत नाही. आयोडाइड-आयोडेट ॲक्टिनोमेट्री केली, म्हणजे रासायनिक द्रावणाने प्रकाश मोजला. लिटरला पोटॅशियम आयोडाइड ९९.६ ग्रॅम, पोटॅशियम आयोडेट २१.४ ग्रॅम, बोरॅक्स ३.८ ग्रॅम. हे द्रावण २९० नॅनोमीटरच्या खालचा सगळा प्रकाश शोषते आणि ट्रायआयोडाइड बनून पिवळे होते. शेडच्या नेहमीच्या उजेडाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, हा त्याचा मोठा फायदा. त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरावे आणि कोऱ्या द्रावणाचा आकडा वजा करावा. तापमान नोंदवावे, गरम द्रावणात उत्पन्न जास्त येते आणि तुलना बिघडते.

४ लिटर द्रावण मिनिटाला २ लिटरने सोडले. पहिले २ लिटर टाकून दिले आणि नंतरचा नमुना घेतला. ५० पट पातळ करून ३५२ नॅनोमीटरला ०.६७. मोलर शोषण २७,६००, क्वांटम यील्ड (एका फोटॉनमागे बनणारे रेणू) ०.७३ आणि या तरंगलांबीच्या एका मोल फोटॉनची ऊर्जा ४७१ किलोज्यूल धरून :

०.६७ × ५० ÷ २७,६०० = ०.००१२१ मोल प्रति लिटर
०.००१२१ × ४,७१,००० ÷ ०.७३ = साधारण ७८० ज्यूल प्रति लिटर, एका फेरीत.

म्हणजे द्रवापर्यंत २६ वॅट पोचतात. दिव्यांतून ४४ निघतात. बाकीचे नळीची भिंत, शेजारचे दिवे, सळ्या आणि दोन्ही टोके यांत जातात. पुढचे सगळे हिशेब या २६ वरच.

९ फेब्रुवारी

वाइन तयार करणे. टाकीतल्या शेनिनला लिटरमागे ०.६ ग्रॅम बेंटोनाइट (वाइन निवळवणारी माती), सहा दिवस बसू दिले, रॅकिंग (गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या टाकीत काढणे), मग ५ मायक्रॉन आणि १ मायक्रॉनचे पॅड. गढूळपणा असेल तर पेशी कणांच्या सावलीत लपतात, आणि गुठळीतल्या मधल्या पेशीला प्रकाश लागतच नाही. बेंटोनाइटने प्रथिने जातात, सोबत काही रायबोफ्लेविनही (ब-२ जीवनसत्त्व). त्याचे महत्त्व मार्चच्या नोंदीत.

यीस्टची वाढ रोखणाऱ्या सोर्बेटची एक छोटी चाचणी सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी. १०० मिली शेनिनमध्ये लिटरला २०० मिग्रॅ या हिशेबाने पोटॅशियम सोर्बेट घातले. ए-२५४ सहावरून ३३ वर गेला. सोर्बेट नेमक्या याच भागात प्रकाश शोषते. गोड वाइनला सोर्बेट घालायची सवय असेल तर ते यूव्हीच्या नंतरच, आधी कधीही नाही. आणि लॅक्टिक जिवाणू शिल्लक असतील तर नंतरही नाही; ते सोर्बेटचे रूपांतर करतात आणि वाइनला चुरगळलेल्या जिरेनियमच्या पानांचा वास लागतो, जो पुढे काढता येत नाही.

१२ फेब्रुवारी

दोन सारखे लॉट, प्रत्येकी ५० लिटर शेनिन. प्रत्येकात १० ग्रॅम कोरडे यीस्ट कोमट पाण्यात फुलवून मिसळले, मिलिलिटरला साधारण २० लाख. ब्रेटॅनोमायसिस हे वाइन बिघडवणारे यीस्ट मुद्दाम आणून मिसळायचे नाही असे आधीच ठरवले आहे. लाकडात, रबरात, पंपात एकदा बसले की ते शेड सोडत नाही.

पहिला लॉट त्याच टाकीतून घेऊन त्याच टाकीत परत, १०० मिनिटे, म्हणजे टाकीच्या चौपट वाइन कॉइलमधून गेली. दुसरा लॉट एका टाकीतून दुसऱ्या टाकीत, चार फेऱ्या. वेळ तेवढाच, वीज तेवढीच.

नमुने ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेल्या बाटल्यांत. डब्ल्यूएलएन आगर या माध्यमावर यीस्ट. लॅक्टिक जिवाणूंसाठी सायक्लोहेक्झिमाइड (यीस्ट रोखणारे) घातलेले एमआरएस आगर, मेणबत्तीच्या बरणीत. हे १०० लिटर चाचणीनंतर टाकून द्यायचे, नोंदवहीत तशी नोंद.

२० फेब्रुवारी

पेट्री डिशमधल्या वसाहती मोजल्या. टाकीतून टाकीत, मिलिलिटरला :

सुरुवातीला २०,००,०००
पहिल्या फेरीनंतर ५०,०००
दुसरीनंतर २,५००
तिसरीनंतर १६०
चौथीनंतर १० च्या आसपास

म्हणजे ५.३ लॉग. त्याच टाकीत फिरवलेल्या लॉटमध्ये मात्र ४०,०००, जेमतेम १.७ लॉग.

हा फरक प्रकाशाचा नाही, मिसळण्याचा आहे. परत आलेली वाइन न गेलेल्या वाइनमध्ये मिसळते आणि पंप पुन्हा दोन्हीतली थोडी थोडी उचलतो. पूर्ण ढवळलेल्या टाकीच्या चौपट वाइन गेल्यावरही सुमारे १.८ टक्के वाइन एकदाही कॉइलमध्ये गेलेली नसते. कॉइलने बाकी सगळे मारले तरी एवढी जिवंत वाइन टाकीत उरतेच. या पद्धतीने ५ लॉग गाठायला टाकीच्या साडेअकरा पटींहून जास्त वाइन फिरवावी लागेल. टाकी ते टाकी हा या प्रकल्पाचा पक्का नियम. रिकाम्या टाकीची सोय नसेल तर आधी ती करावी, दिवे नंतर वाढवावेत.

दुसरी गोष्ट प्रकाशातल्या दुरुस्तीची. तिसऱ्या फेरीच्या नमुन्याच्या दोन पेट्र्या खिडकीजवळ उजेडात राहिल्या होत्या. त्यांत १६० ऐवजी ९०० वसाहती. यीस्टकडे फोटोलायेज हे एन्झाइम असते. निळसर उजेड मिळाला की ते जोडलेले थायमिन सोडवते आणि मेलेली धरलेली पेशी उठते. पेट्र्या अंधारात वाढवल्या तर आकडा चांगला दिसतो. म्हणून आता दोन्ही प्रकारे वाढवून वाईट आकडा धरतो. प्रक्रिया झालेली वाइन पारदर्शक टाकीत किंवा पांढऱ्या बाटलीत ठेवू नये, याचे हे एक कारण.

२६ फेब्रुवारी

शिराज. वेगळ्या २० लिटरमध्ये तेवढेच यीस्ट, चार फेऱ्या. २० लाखांवरून अडीच लाख, ०.९ लॉग.

ज्यूल दोन्ही वाइनना सारखेच मिळाले, पण वाटे सारखे झाले नाहीत. पेशीला सरासरी मिळणारा प्रकाश काढायचा तर लिटरमागचे ज्यूल ए-२५४ च्या २.३ पटीने भागायचे. शेनिनसाठी एका फेरीत चौरस सेंटिमीटरला साधारण ५६ मिलिज्यूल येतात, शिराजसाठी ९. उरलेला प्रकाश रंगद्रव्ये आणि टॅनिन खातात. कोणी नुसते 'लिटरला ३,००० ज्यूल दिले' असे सांगितले तर पुढचा प्रश्न ए-२५४ किती, हाच असला पाहिजे.

५६ हा आकडा आदर्श मिसळण्याचा आहे. यीस्टची एक लॉग घट त्याच्या एका छोट्या भागात व्हायला हवी होती, आम्हाला फेरीला दीड लॉगच्या आसपास मिळतात. मधली तूट म्हणजे कॉइलमधले अपुरे घुसळणे. ४ मिमीची नळी घेतली तर सुधारेल, पण दाब फार वाढतो.

शिराजसाठी हे यंत्र वापरायचे नाही असे ठरले. फेऱ्या वाढवल्या तर रंग उतरतो, आणि चार फेऱ्यांतच थोडा उतरलेला दिसतो. कोरड्या तांबड्या वाइनला मॅलोलॅक्टिक आंबवण (जिवाणूंकडून मॅलिक आम्लाचे लॅक्टिक होणे) पूर्ण करणे, गाळ वेळेवर काढणे आणि पीएच आवाक्यात ठेवणे जास्त उपयोगी.

४ मार्च

वास. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची नोंद ही.

यीस्ट न मिसळलेली शेनिन ०, १, २ आणि ४ फेऱ्या करून हिरव्या बाटल्यांत आठवडाभर ठेवली. टाकीतल्या, बेंटोनाइट केलेल्या वाइनचा एक संच, आणि ड्रममध्ये गाळावर राहिलेल्या वाइनचा दुसरा. नाव न सांगता पाच जणांनी वास घेतला.

टाकीची वाइन ० आणि १ फेरीत वेगळी ओळखता आली नाही. दोन फेऱ्यांना फळाचा वास किंचित दबला. चार फेऱ्यांना पाचपैकी तिघांनी उकडलेल्या कोबीचा वास लिहिला. ड्रमच्या वाइनला तोच वास दोन फेऱ्यांतच, आणि पाचही जणांना.

कारण माहीत असलेले आहे. रायबोफ्लेविन प्रकाश शोषून उत्तेजित होते आणि मेथिओनिन या अमिनो आम्लाला धरते. त्यातून मेथेनथायॉल आणि डायमिथाइल डायसल्फाइड तयार होतात. पांढऱ्या बाटलीतल्या वाइनला दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जो दोष येतो तोच हा. गाळावर जास्त दिवस राहिलेल्या वाइनमध्ये यीस्टमधून रायबोफ्लेविन जास्त उतरते, म्हणून ड्रम आधी बिघडला. तांब्याच्या सल्फेटचा एक थेंब ग्लासात टाकल्यावर वास निम्मा गेला, पूर्ण नाही. तांबे थायॉलला बांधते, डायसल्फाइडला नाही.

मोकळा सल्फर डायऑक्साइड चार फेऱ्यांत ३२ वरून २७ मिग्रॅ झाला. म्हणजे केएमएसची शेवटची दुरुस्ती यूव्हीनंतर, पुन्हा मोजूनच.

त्यामुळे चार फेऱ्यांचा ५.३ लॉग कागदावर राहिला. वास सांभाळायचा तर शेनिनला जास्तीत जास्त दोन फेऱ्या, म्हणजे २.९ लॉग. गाळावर ठेवलेल्या वाइनला यूव्ही नाहीच.

११ मार्च

२.९ लॉग पुरतात का? सुरुवात किती पेशींपासून होते यावर ते आहे. १ मायक्रॉनच्या पॅडनंतर मिलिलिटरला ३०० पेशी निघाल्या. दोन फेऱ्यांनंतर त्या ०.४ च्या आसपास राहतील, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत २८० जिवंत पेशी. १८ ग्रॅम साखरेला एवढ्या भरपूर झाल्या.

०.६५ मायक्रॉनचे मेम्ब्रेन लावून पाहिले. १०० मिलीत ५ पेशी. इथून २.९ लॉग खाली आले की साधारण वीस बाटल्यांत मिळून एक पेशी येते, आणि त्या एकीला ०.८ मिग्रॅ रेणूरूप सल्फरलाही तोंड द्यायचे असते. हा क्रम ठरवला : बेंटोनाइट, रॅकिंग, ५ मायक्रॉन, १ मायक्रॉन, ०.६५ मायक्रॉन, यूव्हीच्या दोन फेऱ्या, केएमएस दुरुस्ती, लगेच भरणी.

२३ मार्च

१८० लिटरची पहिली फेरी चालू असताना वीज गेली. पंप इन्व्हर्टरवर होता, दिवे नव्हते. तीन मिनिटे कळले नाही. ६ लिटर कच्ची वाइन प्रक्रिया झालेल्या ९० लिटरमध्ये जाऊन मिसळली. सोळातला एक भाग कच्चा, म्हणजे त्या फेरीत ही मिसळलेली वाइन १.२ लॉगच्या पुढे जाऊच शकत नाही. ती फेरी धरली नाही. सगळी वाइन पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली, म्हणून काही भागाला तीन फेऱ्या झाल्या.

बदल केले. पंपाचा कॉन्टॅक्टर आता दिव्यांच्या प्रवाहावर चालतो. दिव्यांच्या चार बॅलास्टपैकी (प्रवाह देणाऱ्या चोकपैकी) एकाचाही प्रवाह पडला की पंप थांबतो. कॉइलच्या बाहेर तीन मार्गांचा व्हॉल्व्ह बसवला. दिवे लागल्यावर पहिली दहा मिनिटे वाइन कच्च्या टाकीतच परत जाते. पुन्हा सुरू करताना कॉइलमधली वाइनही, तिप्पट म्हणजे ४ लिटर मोजून, कच्च्या बाजूला. दिव्याचा प्रवाह बरोबर असूनही प्रकाश कमी झालेला असू शकतो, त्यासाठी पेटीत सिलिकॉन कार्बाइडचा यूव्ही सेन्सर लावला.

२९ मार्च

दोन्ही फेऱ्या पूर्ण. त्यानंतर ॲक्टिनोमेट्री पुन्हा केली, २६ ऐवजी २१ वॅट. दिवे नवेच आहेत, दोष नळीच्या आतल्या भिंतीवरच्या पातळ चिकट थराचा. शिराजच्या चाचणीनंतर फक्त पाण्याने धुतले होते. २ टक्के कॉस्टिक ५५ अंशांवर २० मिनिटे, पाणी, १ टक्का सायट्रिक १० मिनिटे, पाणी. पुन्हा मोजले, २५.५. आता दर लॉटनंतर हीच धुलाई आणि प्रत्येक लॉटच्या आधी निर्जंतुकीकरणाला २०० पीपीएम परॲसिटिक आम्ल. धुलाई झाल्याशिवाय पेटी बंद करायची नाही.

शेनिनच्या फेऱ्या २१ वॅटवर झाल्या असतील असे धरून हिशेब पुन्हा केला. एका फेरीला ६३० ज्यूल प्रति लिटर. वीस बाटल्यांत एक ऐवजी साधारण सहा बाटल्यांत एक पेशी, असे धरायला हवे. सल्फर ०.८ वर ठेवला, खाली आणला नाही.

४ एप्रिल

२३४ बाटल्या भरल्या. नोझल आणि भरणीची नळी आधी ८५ अंशांच्या पाण्याने २० मिनिटे. मोकळा सल्फर डायऑक्साइड ३३ मिग्रॅ, विरघळलेला ऑक्सिजन नायट्रोजनने ०.५ मिग्रॅच्या खाली. बाटली गडद हिरवी. २४ बाटल्या ३० अंशांच्या खोलीत आडव्या ठेवल्या, निम्म्या यूव्ही केलेल्या, निम्म्या फक्त ०.६५ मायक्रॉनमधून गाळून ठेवलेल्या. दोन्हींत सल्फर सारखाच.

२ मे

चार आठवडे झाले. यूव्ही केलेल्या बारापैकी एकाही बाटलीत दाब नाही, गाळ नाही. नुसत्या गाळलेल्या बारांपैकी दोनमध्ये तळाशी पांढरी रेघ आणि उघडताना फुसकारा. सूक्ष्मदर्शकाखाली अंकुरणारे यीस्ट. बारा बाटल्या थोड्याच आहेत, म्हणून आणखी २४ बाटल्या त्याच खोलीत ऑगस्टपर्यंत ठेवल्या आहेत. वास पुन्हा घेतला. तीन फेऱ्या झालेल्या भागाच्या बाटल्यांवर खूण केली होती. त्यांत एकाला कोबीचा पुसट वास लागला, दोन फेऱ्यांच्या बाटल्यांत कोणालाच नाही.

दिव्यांचे आतापर्यंत ४७ तास. पुढची ॲक्टिनोमेट्री पुढच्या पांढऱ्या वाइनच्या आधी. गगनबावड्याकडची जांभळे जूनमध्ये येतील. त्या वाइनचा ए-२५४ शिराजपेक्षाही वर असल्यामुळे ती या कॉइलमधून जाणार नाही.